मजूरमंत्र्यांच्या दप्तरातील वीज

स्मार्ट मीटर, वेळेनुसार बदलणारे दर आणि मागणीचे व्यवस्थापन यांची सध्या मोठी चर्चा आहे. वीज कोणासाठी आणि कोणाच्या हाती, हा त्यामागचा मूळ प्रश्न मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४३ मध्येच देशाच्या धोरणात आणला होता. त्यांच्या आयुष्यातील या काहीशा दुर्लक्षित पर्वाचा बीड जिल्ह्याच्या संदर्भात घेतलेला वेध.

परळी वैजनाथ हे बीड जिल्ह्यातील गाव भाविकांना ज्योतिर्लिंगासाठी जेवढे परिचित, तेवढेच उर्वरित महाराष्ट्राला औष्णिक विद्युत केंद्रासाठी परिचित आहे. १९७१ मध्ये येथे ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॉटचे संच आले आणि मराठवाड्याच्या या कोरड्या भागातून राज्याच्या जाळ्यात वीज जाऊ लागली. परंतु याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात. घरची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन त्यांना वर्षभर पोसू शकत नाही. ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी आहे, त्यांच्यावर वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री मोटार सुरू करण्यासाठी शेतात जाण्याची वेळ वर्षानुवर्षे आली.

तुटपुंजी शेती, तिच्यावर अवलंबून असलेली वाजवीपेक्षा जास्त माणसे आणि त्यांना त्या ओझ्यातून सोडवू शकणारी वीज, या तीन गोष्टींचा परस्परसंबंध फार पूर्वी एका अर्थशास्त्रज्ञाने मांडला होता. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार, दलितांचे उद्धारक, महाड आणि काळाराम मंदिराच्या लढ्यांचे नेते, बौद्ध धम्माच्या पुनरुज्जीवनाचे अग्रणी अशा अनेक नात्यांनी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत देशाच्या विजेचे आणि पाण्याचे खातेही त्यांच्याकडे होते, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

सातारा ते न्यूयॉर्क

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमरावांचे मातृछत्र हरपले. शाळेत वेगळे बसावे लागणे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मनाई हे अनुभव त्यांनी याच वयात घेतले. सार्वजनिक सोय सर्वांसाठी असल्याचे सांगितले जाते, पण तिचा उपयोग कोणी करावा हे दुसरेच ठरवतात, ही बाब त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

मुंबईत परळच्या चाळीत राहून त्यांनी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली आणि १९१२ मध्ये बी. ए. केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एडविन सेलिगमन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांच्या आणि जॉन ड्युई यांच्यासारख्या तत्त्ववेत्त्यांच्या हाताखाली त्यांनी तीन वर्षे अभ्यास केला. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. पुन्हा १९२० मध्ये लंडन गाठून त्यांनी एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळवल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही कामगिरी समाजकारणात पूर्णपणे उतरण्यापूर्वीची आहे. नंतरच्या काळात विजेच्या फायली हाताळणारा माणूस मुळात वित्त आणि अर्थव्यवहाराचा जाणकार होता, हे त्यावरून लक्षात यावे.

लहान शेतीचा प्रश्न

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. शेतीचे तुकडे होत आहेत, म्हणून शेती तोट्यात आहे; तेव्हा तुकडे एकत्र करावेत आणि शेत मोठे करावे, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ सांगत होते. बडोदा संस्थानाने नेमलेल्या समितीचा सूरही असाच होता. आंबेडकरांनी या मांडणीलाच आव्हान दिले.

शेत लहान की मोठे, हे केवळ एकरांवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जमिनीला जोड म्हणून किती भांडवल, किती अवजारे आणि किती हात आहेत, यावर ते ठरते. भारतात जमिनीवर भांडवल कमी आणि माणसे फार. त्यांतील अनेकांना वर्षातील बराच काळ कामच नसते. अशा स्थितीत केवळ शेते मोठी केली, तर जमिनीवरून दूर झालेली माणसे जाणार कोठे? त्यामुळे शेतीच्या दुखण्यावरचा उपाय शेतीबाहेर आहे. उद्योग वाढवून जमिनीवरचा भार कमी केल्याखेरीज शेती सुधारणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मांडलेला हा विचार त्यांनी पुढे कधी सोडला नाही. मजूरमंत्री म्हणून त्यांनी विजेकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे मूळ या निबंधात आहे. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या मजुरांची गणनाही याच चौकटीत करावी लागते.

गिरण्यांच्या मुंबईत

आंबेडकर कोलंबियात शिकत असतानाच, १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांत पोहोचली. ज्या परळमध्ये त्यांचे वास्तव्य होते, तो भाग या गिरण्यांचाच. उद्योग वाढले म्हणजे मजुराचे भले आपोआप होते, असा भाबडा समज गिरणगावात राहणाऱ्या माणसाचा होणे शक्य नव्हते. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा लाभ कोणाला, हे प्रश्न त्यांच्या राजकारणात ठळकपणे आले.

१९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९३० पासून गोलमेज परिषदा, १९३२ मध्ये पुणे करार या घटना सर्वश्रुत आहेत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधिमंडळात त्यांनी खोतीची पद्धत रद्द करण्यासाठी विधेयक मांडले आणि औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या मुंबईतील कामगारांच्या एकदिवसीय संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने भाग घेतला. शेतमजूर आणि गिरणी कामगार अशा दोन्ही बाजूंचा अनुभव घेऊन ते दिल्लीला गेले.

मजूर खात्याची सूत्रे

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, जुलै १९४२ मध्ये आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून सूत्रे हाती घेतली. या मंडळात स्थान मिळवणारे ते दलित समाजातील पहिलेच. सदस्य हे अधिकृत नाव असले, तरी त्यांचा दर्जा मंत्र्याचा होता आणि मराठी वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख मजूरमंत्री असाच रूढ झाला.

या खात्याचा पसारा नावापेक्षा मोठा होता. कामगार कायद्यांबरोबरच खाणी, सरकारी बांधकामे, पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यात येत. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसाक्षेत्राचा दौरा केला आणि खाणीत उतरून मजुरांच्या कामाची पाहणी केली. विजेच्या दिव्यामागे कोळसा असतो आणि कोळशामागे माणूस, हे प्रत्यक्ष पाहणारे मंत्री त्या काळी विरळाच होते.

त्या वेळच्या भारतात वीज म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली बेटे होती. मुंबईला टाटांची जलविद्युत, कलकत्त्याला खासगी कंपनीची औष्णिक वीज, म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रम, मद्रास इलाख्यात पायकारा आणि मेट्टूर, पंजाबात जोगिंदरनगर. प्रत्येक ठिकाणचा दर वेगळा, प्रत्येक ठिकाणची सोय वेगळी. स्वातंत्र्य मिळाले, त्या १९४७ सालीही संपूर्ण देशाची स्थापित क्षमता सुमारे १,३६२ मेगावॉट एवढीच होती आणि वीज पोहोचलेली गावे जेमतेम दीड हजार. बीड जिल्हा तर निजामाच्या राजवटीत, सगळ्या बेटांपासून दूर होता.

ऑक्टोबर १९४३ ची बैठक

युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा विचार करण्यासाठी सरकारने ज्या समित्या नेमल्या, त्यांपैकी पाटबंधारे आणि विजेच्या धोरण समितीचे अध्यक्षपद आंबेडकरांकडे आले. तिची पहिली बैठक २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत झाली. प्रांतांचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी, तसेच वीज उद्योगातील मंडळी तेथे उपस्थित होती.

या बैठकीतील त्यांच्या भाषणात तांत्रिक तपशिलापेक्षा मूलभूत प्रश्नांवर भर होता. वीजनिर्मिती सरकारने करावी की खासगी कंपन्यांनी? खासगी कंपन्यांकडे दिली, तर लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी असाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? वीज स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल? यानंतर त्यांनी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडला. वीज हवी ती कशासाठी? त्यांच्या मते, स्वस्त आणि मुबलक विजेखेरीज देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज शेतीवर लोंबकळणाऱ्या कोट्यवधी लोकांची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका होणार नाही. वीज धंदा म्हणून किती फायद्याची, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरत होता. १९१८ च्या निबंधात आजाराचे निदान होते. १९४३ च्या भाषणात औषधाचे नाव आले.

पुढील काळात त्यांच्या खात्याने या विचाराला संस्थांचे रूप दिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशात कोठे किती वीज तयार होऊ शकते याची पाहणी करणे, योजना आखणे आणि प्रांतांना तांत्रिक साह्य देणे हे त्याचे काम होते. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग अस्तित्वात आला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा तो पूर्वावतार होय. फेब्रुवारी १९४५ मध्ये धोरण समितीची दुसरी बैठक झाली. विजेचा विकास प्रांतांच्या सीमा न पाहता प्रदेशवार व्हावा आणि केंद्रे एकमेकांना जोडली जावीत, या दिशेने धोरण वळले. त्यासाठी लागणारे अभियंते देशातच तयार व्हावेत आणि निवडक तरुणांना परदेशी प्रशिक्षणासाठी पाठवावे, यावरही भर देण्यात आला.

या कामाचे सारे श्रेय एकट्या आंबेडकरांचे नव्हते. पाहणी आणि आराखडे अभियंत्यांचे होते, ब्रिटनच्या राष्ट्रीय वीजजाळ्याचे आणि अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे उदाहरण समोर होते, प्रांतांच्याही स्वतःच्या योजना होत्या. आंबेडकरांचा वाटा होता तो दिशा ठरवण्याचा. विखुरलेल्या बेटांतून एक जाळे व्हावे आणि त्याचा लाभ सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत जावा, ही ती दिशा.

दामोदरचा प्रयोग

जुलै १९४३ मध्ये बंगालमधील दामोदर नदीला महापूर आला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटून कलकत्त्याचा उर्वरित देशाशी असलेला संपर्क विस्कळित झाला. पूरनियंत्रणासाठी बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्रित विकास करावा, ही कल्पना पुढे आली. टेनेसीचा अनुभव असलेले अभियंता डब्ल्यू. एल. वूरडुईन यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये दामोदरचा प्राथमिक आराखडा सादर केला.

जानेवारी १९४५ मध्ये आंबेडकरांनी कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींची परिषद बोलावली. धरण केवळ पूर अडवण्यासाठी बांधायचे नाही. त्याच पाण्यावर वीज, सिंचन आणि जलवाहतूक साधायची, असा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीच्या विकासाबाबत अशीच परिषद झाली. त्यातून हिराकूड धरणाची वाट मोकळी झाली. दामोदर खोरे महामंडळ जुलै १९४८ मध्ये कायद्याने स्थापन झाले. तोपर्यंत आंबेडकर त्या खात्यात राहिले नव्हते.

या प्रकल्पांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दामोदरच्या आराखड्यातील आठ धरणांपैकी १९५० च्या दशकात चारच पूर्ण झाली. धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक ठिकाणी दीर्घकाळ रेंगाळला. ज्यांच्यासाठी वीज हवी, त्यांच्यापैकीच काहींना विजेची किंमत मोजावी लागली.

घटनेतील अडतिसावी नोंद

१९४६ च्या मध्यात कार्यकारी मंडळ बरखास्त झाले आणि आंबेडकरांचे मजूर खाते संपले. घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावर एक टिपण तयार केले. पायाभूत उद्योग राज्यसंस्थेच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, अशी त्यांची भूमिका होती. ती स्वीकारली गेली नाही. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी घडवलेल्या घटनेत मात्र विजेला समवर्ती सूचीत ३८ व्या नोंदीत स्थान मिळाले. वीज हा विषय केंद्र आणि राज्ये या दोघांच्याही अखत्यारीत राहिला. आंतरराज्य नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांसाठी २६२ वे कलम आले.

दरम्यान, १९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा संमत झाला. ते खाते तेव्हा काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. या कायद्याने केंद्रीय वीज प्राधिकरणाची आणि राज्य वीज मंडळांची तरतूद केली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. परळीचे केंद्र हे त्याच मंडळाचे अपत्य.

नियोजनाचे खाते आपल्याला मिळावे, अशी आंबेडकरांची इच्छा होती. अर्थशास्त्र हा त्यांचा मूळ विषय, पाणी आणि विजेचा चार वर्षांचा अनुभव गाठीशी. तसे आश्वासन मिळूनही ते खाते त्यांच्या वाट्याला आले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाच्या कोंडीचे कारण त्यात प्रमुख मानले जाते. नियोजनापासून दूर ठेवले गेल्याची खंतही त्यांच्या निवेदनात होती. त्यानंतरची पाच वर्षे प्रकृतीशी झगडण्यात, ग्रंथलेखनात आणि धम्माच्या कार्यात गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मराठवाड्याशी त्यांचे नाते शेवटच्या वर्षांत अधिक घट्ट झाले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठी उच्च शिक्षणाची दारे त्यामुळे उघडली.

जाळे झाले, पुढे काय?

आंबेडकरांच्या काळात बेटे जोडणे हे उद्दिष्ट होते. ते पूर्ण व्हायला साठहून अधिक वर्षे लागली. प्रादेशिक जाळी टप्प्याटप्प्याने एकत्र आली आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. आज देश एका वारंवारितेवर चालतो. बीडच्या दक्षिणेला, धाराशिव जिल्ह्यापलीकडे असलेल्या सोलापुरात ही शेवटची गाठ बसली.

जोडणीचा प्रश्न सुटल्यावर वेळेचा प्रश्न पुढे आला. वीज मोठ्या प्रमाणात साठवणे अजूनही खर्चिक आहे. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती असावी लागते. पूर्वी संध्याकाळी दिवे लागले, की परळीसारख्या केंद्रात कोळसा अधिक जाळला जाई. निर्मिती मागणीच्या मागे धावत असे. सौर आणि पवन ऊर्जा वाढल्यावर हे गणित बदलले. दुपारी वीज भरपूर, संध्याकाळी सूर्य मावळताच तुटवडा. बालाघाटाच्या माथ्यावरील पवनचक्क्या वारा असेल तेव्हाच फिरणार. त्यामुळे आता मागणीलाच निर्मितीच्या वेळेकडे वळवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. याला डिमांड रिस्पॉन्स म्हणजे मागणीचा प्रतिसाद म्हणतात. वीज स्वस्त असेल त्या तासांत वापर वाढवायचा, महाग असेल त्या तासांत कमी करायचा आणि त्याबद्दल ग्राहकाला मोबदला किंवा सवलत द्यायची. ठरावीक मिनिटांनी वापराची नोंद पाठवणारा स्मार्ट मीटर आणि दोन्ही दिशांनी माहिती वाहून नेणारे स्मार्ट ग्रिड ही त्याची साधने. केवळ युनिट विकणाऱ्या वीज कंपन्यांना आता तासांचा हिशेब सांभाळणारी व्यवस्था व्हावे लागत आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नाही. मोठ्या उद्योगांना वेळेनुसार दर लागू होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या, तेव्हा ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन होते. त्या सुमारास राबवलेल्या अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळच्या वेळी मोटारी आणि जड उपकरणे बंद ठेवायची आणि त्याबदल्यात घरातील दिवे सुरू राहायचे, असा व्यवहार होता. त्यावर देखरेखही गावातील लोकांचीच होती. मीटरमध्ये संगणक नसतानाही गावकऱ्यांनी एकमेकांच्या शब्दावर केलेला हा मागणीचा प्रतिसादच होता.

शेतीच्या बाबतीत चित्र वेगळे राहिले. कृषिपंपांना तीन फेजची वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळ्यांनी देण्यात आली. जाळ्यावरचा भार समतोल राहिला तो शेतकऱ्याच्या झोपेच्या बदल्यात. साप-विंचवाचे भय, अंधारातील विहिरीचा काठ आणि जळलेली मोटार ही त्याची किंमत होती. शहरातील ग्राहकाला वापराची वेळ बदलण्यासाठी सवलत देऊ केली जाते. शेतकऱ्याची वेळ मात्र त्याला न विचारता बदलली गेली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार वेळेनुसार दर टप्प्याटप्प्याने बहुतेक ग्राहकांना लागू होत असताना शेती त्यातून वगळलेली आहे. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आली. बिलच नसल्याने दरातून मिळणारा संकेतही तेथे पोहोचत नाही. वीज कोणत्या तासाला सोडायची, हेच एक साधन उरते.

म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेला बीडसारख्या जिल्ह्यात वेगळे महत्त्व आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये विस्तारलेल्या या योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या भागातील कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे. जेथे ती पोहोचेल, तेथे जाळ्याची गरज आणि शेतकऱ्याची सोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतील. परळीचाही धडा समोर आहे. पाण्याअभावी फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. वीज आणि पाणी यांचा विचार वेगळा करता येत नाही, हे दोन्ही विषय एकाच दप्तरात सांभाळणाऱ्या मजूरमंत्र्यांनी ओळखले होते.

स्मार्ट मीटरलाही राज्यात विरोध झाला. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे सरकारला जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. मीटर कोणाच्या फायद्याचा आणि त्याचा खर्च कोणावर, या शंका त्या विरोधामागे होत्या. १९४३ च्या बैठकीतील प्रश्नांशी त्यांचे नाते जवळचे आहे.

आंबेडकरांनी स्मार्ट ग्रिडचे भाकीत केले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांच्यासमोरचे तंत्रज्ञान निराळे होते आणि सरकारी मालकीचा त्यांचा आग्रह पुढील काळाने बराचसा बाजूला सारला. कायम राहिला तो त्यांनी लावलेला निकष. वीजव्यवस्थेचे यश तिने किती मेगावॉट निर्माण केले किंवा किती तोटा कमी केला, एवढ्यावर मोजायचे नाही. जमिनीच्या तुकड्यावर अडकलेल्या माणसाला तिने दुसरे काम मिळवून दिले का, हे पाहायचे. वेळेनुसार दरांचा लाभ दुपारी यंत्रे चालवू शकणाऱ्या कारखान्याला सहज मिळेल. तोच लाभ माजलगाव, धारूर किंवा केजमधील पिठाची गिरणी, दूध शीतकरण केंद्र, कापूस जिनिंग आणि लहान कारखाने यांच्यापर्यंत गेला, तर तेथे हाताला काम उभे राहू शकते. तसे काम जिल्ह्यात उभे राहील, त्या प्रमाणात दिवाळीनंतर गावाबाहेर पडणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कमी झालेले दिसतील.